बाबांचा जर्मन आणि एका बाजूचं मखर

३ ऑगस्ट २०१४, रवि.
बाबांना पुण्याहून सिंगापूरला येऊन तीन आठवडे झाले आणि तोआ पायोहच्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल गेलं. आम्ही मांडीवर ताटं घेतो. टेबलावर बाबांचा जर्मन. अडीचशे वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थानचा दरबारी वास्तुकार; शिंपले, वेली, वळणं यांनी महाल मढवणारा. त्याचं चरित्र लिहिताहेत, मराठीत! "कोण वाचणार, बाबा?" मी बोलले आणि जीभ चावली.
"तू," बाबा म्हणाले.
जन्मभर सरकारी बांधकाम खात्यात चौकोनी कचेऱ्या काढल्या या माणसाने. वळणं मनातच राहिली.

९ ऑगस्ट, शनि.
सुट्टी. तेरा प्रकरणं वाचली. आवडली, खरंच. गवंड्याचा मुलगा, राजाचा लाडका. राजाने सांगावं, याने करावं: शिकारीचा महाल, चर्च, राणीच्या पोपटाचा पिंजरासुद्धा. मग राजा वारला, पुतण्या आला. त्याला सरळ खांब हवे. एका पत्रात नोकरी संपली. पुढे कोरी पानं.
"पुढे?"
"अकरा वर्षं जगला. काय केलं, कुठेच नोंद नाही."
"मग तुमच्या मनाने लिहा."
"सुचत नाही गं." चष्मा पुसत बसले.
हे प्रकरण झालं नाही तर पुस्तक नाही. बाबा ७६.

१७ ऑगस्ट, रवि.
इथल्या मराठी मंडळाच्या जोशीकाकूंचा फोन. यंदा गणपतीचं मखर तुझे बाबा करतील का? बाबा एका पायावर तयार.

२७ ऑगस्ट, बुध.
घरभर थर्माकोलचा भुगा. केसांत, आमटीत. पण मखर काय देखणं झालंय! उजवीकडून मोठी वेल उठते, वर शिंपल्यात वळते. डावी बाजू मोकळी. मुद्दाम. जर्मनाची रीत: दोन्ही बाजू सारख्या केल्या की कामातला जीव गेला.
मीरा (माझी लेक, वय ९, प्रत्येक गोष्टीवर मत, वाक्याला इथलं 'लाह'चं शेपूट): "आजोबा, दिस साइड नॉट डन येट लाह!"
"डन, बाळा, डन." किती दिवसांनी असे हसले.
संध्याकाळी टॅक्सीने हॉलवर पोचवलं.

२८ ऑगस्ट, गुरु.
आज आम्ही जाऊन बघतो तर डावीकडेही वेल! तंतोतंत तशीच. जोशीकाकू आणि चौघीजणी दुपारभर कापत बसल्या होत्या. वर सोनेरी कागद. काकूंचा चेहरा उजळलेला. "काका दमले असतील, म्हटलं राहिलेलं आपण पुरं करू. बाप्पापुढे अर्धवट बरं दिसत नाही."
बाबांनी हात जोडले. "छान."
परत येताना एमआरटीच्या गाडीत बाबा बाहीवरचा थर्माकोलचा भुगा वेचत बसले. काकूंवर रागावता येईना, मायेनेच केलं त्यांनी. बाबांचाच राग आला. अरे, सांगा ना!

२९ ऑगस्ट, शुक्र.
आरती, मोदक. जो तो मखरासमोर फोटो काढतोय. बाबा चपलांपाशी उभे.
घरी आल्यावर त्यांनी जर्मनाचे सगळे कागद सुतळीने बांधले. "रद्दीत दे. आणि पुण्याचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ."
भडकलेच मी. "तुमचा जर्मनही असाच 'छान' म्हणून घरी जाऊन बसला असेल! म्हणून अकरा वर्षं कोरी!"
फार बोलले मी. मग न्हाणीघरात जाऊन रडले. इतका जीव आहे माझा या माणसावर आणि बोलताना तोंडाला लगाम नाही.

३१ ऑगस्ट, रवि.
सकाळी उठले तर सुतळी सुटलेली. चौदावं प्रकरण, चार ओळी. नव्या राजाने जर्मनाचा वळणदार जिना पाडून सरळ करून घेतला. त्या दिवशी जर्मन बघायला गेला असावा. पुढे खाडाखोड.
"तिथे काही बोलला असेल का गं तो?"
"तुम्ही असता तर?"
चहा गार झाला. मग म्हणाले, तुझा फोन दे. जोशीकाकूंचा नंबर लावून दिला.
"नमस्कार वहिनी, मीराचा आजोबा बोलतोय. एक सांगायचं राहिलं. ते मखर अर्धवट नव्हतं. तेवढंच होतं."
मग काकू बोलायला लागल्या. बोलतच आहेत. काय, ते मला इथे स्वयंपाकघरात कळत नाही. बाबा मधूनच "हं" म्हणतात. फोन कानाला, आणि दुसऱ्या हाताने चौदाव्या प्रकरणाच्या कागदांत पेन शोधताहेत.