फणसाला लावलेला दुधाचा पंप

॥ श्री चामुंडेश्वरी प्रसन्न ॥

म्हैसूर, संक्रांतीनंतरचा गुरुवार

राजमान्य राजश्री नागेंद्रराव मेहुणे यांना रणोजीरावाचा आदरपूर्वक रामराम.

आम्ही उभयता इकडे ठीक आहोत. तुमच्या बहिणीचा गुडघा सकाळी दुखतो, आणि संध्याकाळी मी काही काम सांगितलं की पुन्हा दुखतो. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते उत्तम आहे. भवानीच्या मते मी तो तपासणीच्या दिवसापुरता सांभाळतो. तुमचा खोकला, चि. हर्षची नोकरी, सूनबाईंची तब्येत आणि कॅनडातला तुमच्या दारातला बर्फ, सगळं कुशल असेल अशी आशा करतो. हे व्हॉट्सॲपवरही लिहिता आलं असतं, पण माझा फोन माझ्यापेक्षा तुमच्या बहिणीच्या हातात जास्त असतो, म्हणून टपालाचा मार्ग धरला. पत्राचं खरं कारण शेवटी आहे. मधलं सोडून एकदम तिथे जाऊ नये ही विनंती.

गेल्या वर्षी तुम्ही मेपलच्या पाकाची बाटली पाठवलीत (पोचली, डोशाबरोबर संपली) आणि सोबत तो व्हिडिओ. हर्षने बंद पडलेल्या डेअरीतला गायी पिळायचा जुना व्हॅक्यूम पंप आणून परसातल्या झाडांना जोडलाय, झाडाझाडातून नळ्या गेल्यात, आणि रस आपोआप कॅनमध्ये पडतोय. मी बेळगोळच्या कारखान्यात एकतीस वर्षं पंपच दुरुस्त केले. झाडाला भोक पाडून हवा ओढली की गोड रस येतो, हे हर्षला कळावं आणि मला कळू नये, हे मनाला लागलं. आमच्या परसात तीन झाडं आहेत. कडुनिंबाचा पाक कोणी खाणार नाही. शेवग्याला हात लावलात तर सांबारात तुम्हालाच घालीन, असं भवानीने सांगून ठेवलं होतं. राहिला फणस. ज्याचं फळ इतकं गोड, त्याच्या अंगातला रस किती गोड असेल, असा मी साधा हिशेब केला. हा हिशेब आजही कागदावर बरोबर दिसतो.

पंप मिळाला हिनकलच्या पुढे. तिथला एक मोठा गोठा मोडून घरांचे प्लॉट पडले, तेव्हा मालकाने गायी आणि यंत्रं एकाच दिवशी विकायला काढली. आमच्या शेजारच्या गंगाबाई तुम्हाला आठवत असतील. त्यांच्या सासरी पूर्वी कापड रंगवायचे. आमच्या लग्नातला तुमचा फेटा त्यांच्याच हौदात रंगला होता. नवरा गेल्यापासून त्या एका गायीवर गल्लीतल्या सात घरांना दूध घालतात. ती म्हातारी गाय दिवाळीत गेली, म्हणून होतं नव्हतं ते घालून त्यांनी त्या गोठ्यातली तुंगा नावाची गाय घेतली. टेम्पो एकच केला. पुढे तुंगा, मागे माझा पंप. वाटभर ती मान वळवून पंपाला चाटत होती, आणि मी यंत्र गंजेल म्हणून तिला दोनदा हाकललं. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस मी, पण त्या टेम्पोत जास्त अक्कल कोणाला होती ते पुढे कळेल.

घरी आल्यावर तुंगा पान्हाच सोडेना. गंगाबाईंनी कोमट पाण्याने सड धुतले, अंगावर हात फिरवला, गूळ चारला, वासरू पुढे बांधलं, देवीला नारळ बोलल्या. रोज जेमतेम एक तांब्या दूध. सातांपैकी चार घरांनी पाकिटातलं दूध सुरू केलं. तीन आठवड्यांनी त्यांनी हुणसूरच्या गुरांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो शनिवारी येऊन तुंगाला नेणार होता. हे आमच्या ओट्यावर सांगताना त्या रडल्या नाहीत, नुसती पदराची कड दुमडत बसल्या. मला फार वाईट वाटलं. मग मी आत जाऊन फणसाला भोक पाडलं.

(मला दगडाच्या काळजाचा म्हणू नका. पंपातलं मला कळतं, गायीतलं कळत नाही, आणि माणसाने आपल्याला कळतं त्यात लुडबुड करावी अशी माझी समजूत होती.)

तुमच्याकडे रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं म्हणून रस चढतो, असं हर्षने सांगितलं होतं. आमच्याकडे संक्रांतीतही नुसती शाल पुरते. म्हणून बर्फाची एक लादी आणून फणसाच्या बुंध्याशी ठेवली. गल्लीतली माणसं ती बघायला आली आणि कोण गेलं म्हणून हळू आवाजात विचारू लागली. तरीही मी भर दुपारी पंप चालू केला. पंपाची धडधड आणि त्यावर पल्सेटरची टक्-छुस, टक्-छुस (हा पल्सेटर वासरासारखा ओढतो आणि सोडतो). शेजारी तुंगा सारखी हंबरत होती. मला वाटलं आवाजाची तक्रार आहे. इतक्यात नळीतून पांढरंशुभ्र काहीतरी सरकू लागलं आणि मी भवानीला हाक मारली. ती आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हा चीक आहे. साकु, पुरे झालं, बंद करा.”

चीकच होता. फणस कापताना हाताला आणि विळीला तेल लावावं लागतं हे जन्मभर पाहिलेला मी, पंपाला तेल फक्त आतून घातलं होतं. नळ्या, रबरी कप, कॅनचं झाकण, माझा चष्मा, सगळं एकमेकांना चिकटलं. दोन दिवस घरातलं खोबरेल यंत्राला गेलं आणि भवानी कोरड्या केसांनी फिरली. कप गेले ते गेलेच. पंप आणि पल्सेटर तेवढे सुटले.

शनिवारी पहाटे सहाला, आतला उरलासुरला चीक निघावा म्हणून, मी पंप नुसताच चालू केला. टक्-छुस सुरू होऊन मिनिटभर झालं नसेल, तोच तुटकं दावं गळ्यात घेऊन तुंगा आमच्या फाटकातून आत आली. इकडेतिकडे न बघता फणसाखाली पंपाशेजारी उभी राहिली, मागचा पाय जरा मागे घेतला आणि डोळे अर्धे मिटले. चारी सडांतून दूध आपलं आपण ठिबकू लागलं. मी घाबरून बटणाकडे हात नेला. मागून गंगाबाई अनवाणी धावत आल्या होत्या.

“राव, बंद नका करू,” त्या म्हणाल्या. “थोडं इरली, राहू दे चालू.”

मी हात मागे घेतला. त्या बादली लावून खाली बसल्या. बादली भरली, मग आमचं पातेलं भरलं, मग भवानीने आतून कुकरचं भांडं आणलं. गंगाबाई त्या दिवशी रडल्या, आणि मी चष्म्यावर अजून चीक आहे अशा बहाण्याने चष्मा पुसला. बिचाऱ्या तुंगाला जन्मभर त्या आवाजावर दूध सोडायची सवय. माणसाचा हात तिला ठाऊकच नव्हता. आठ वाजता व्यापारी आला, आमच्याकडे कॉफी प्यायला आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

तेव्हापासून पंप आमच्या आणि गंगाबाईंच्या मधल्या भिंतीला बसवला आहे. सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच, मी तो चालवतो. तो काहीही ओढत नाही. नुसता आवाज करतो, आणि पलीकडे गंगाबाई हाताने धार काढतात. फोनवर आवाज भरून लावून पाहिला, तर तुंगाने फोन चाटला. सातही घरं परत आली आहेत. अधूनमधून करंट जातो, तेव्हासाठी वेगळी व्यवस्था केली आहे. तिचा तपशील इथे नको.

आता खरं कारण. मार्चमध्ये रस काढायच्या हंगामात आम्ही उभयतांनी तुमच्याकडे यावं म्हणून हर्षने तिकिटं काढली आहेत. भवानीची बॅग दसऱ्यापासून भरलेली आहे. तरी आपण वडीलकीच्या नात्याने तिला असं लिहावं, की यंदा तिकडे बर्फ भयंकर आहे आणि तिच्या गुडघ्याला सोसणार नाही. मला यायचं मनापासून आहे, पण इकडे काही तांत्रिक जबाबदाऱ्या आहेत. माझं नाव येऊ देऊ नये.

लहानांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा एकदा रामराम.

आपला,
रणोजीराव

ता. क. : पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावं.

ता. क. दुसरा, भवानीच्या हातचा : दादा, पाकीट चिकटवायला डिंक शोधताना हे सापडलं. बर्फाचं काही लिहू नकोस. यांची ती वेगळी व्यवस्था काय आहे ते सांगते. करंट गेला की हे भिंतीपाशी स्टूल टाकून बसतात, एका हाताने डबा वाजवतात आणि तोंडाने टक्-छुस, टक्-छुस करतात. मंगळवारी पाऊण तास केलं. तुंगाने पंपाला देते त्याहून अर्धा तांब्या जास्त दूध दिलं, आणि तेव्हापासून यांची मान ताठ आहे. आता पंप चालू असला तरी ती भिंतीवरून डोकं काढून यांनाच शोधते. हर्षला सांगून यांचं तिकीट रद्द कर. मी एकटी येते. यांच्यासाठी घशाच्या गोळ्या घेऊन ठेव, येताना आणीन.