कोपरा मोडलेली ढेप

बिद्री,
१२ डिसेंबर २०२५

चि. सौ. पूर्णिमा हिस,

आत्तीचे अनेक आशीर्वाद. आजऱ्याला थंडी जास्त असेल, कानाला बांधून झोपत जा. विहीणबाईंना नमस्कार सांग. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

आपलं गुऱ्हाळ जोरात चाललंय. नवा गुळव्या नेमका गूळ उतरायच्या वेळेला मोबाईलवर बोलत बसतो, मग आमचे हे, म्हणजे तुझे मामा, त्याच्यावर ओरडतात आणि तो मामांवर. म्हैस व्याली, यंदाही रेडाच. तुझ्या शाळेतल्या संघप्रिया मॅडम येऊन गेल्या. "पूर्णिमा मॅडम कधी येणार? पोरं विचारतात," म्हणाल्या. मी चहा ठेवायला म्हणून आत गेले, तो आटून गेला तरी बाहेर आले नाही.

फोन दोनदा लावला होता. तू हॅलो म्हणालीस की मी म्हशीचं सांगत बसते. म्हणून लिहिते.

तपासणीच्या दिवसाचं बोलायचं आहे.

पावसाळ्यापासून तुझं ते सुरू होतं. जेवण झालं की दोन-तीन तासांनी हात कापायचे, घाम सुटायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची. आम्ही लगेच गूळपाणी द्यायचो. तू सावरायचीस आणि मामा मिशीला पीळ द्यायचे, "आपल्या गुळात औषध हाय की!" थोड्या वेळानं पुन्हा तेच. उपाशीपोटी रक्त तपासलं की साखर चांगली. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटलं. मी तर शेजारणींना सांगत सुटले की आमच्या सुनेला भूक सोसत नाही. तूच हट्टानं कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लावलास.

त्यांनी साखरेचं पाणी पाजून पाच तास बसवलं, दर तासाला रक्त. मध्ये पाण्याशिवाय काही नाही. विश्वजित मार्केट यार्डात गेला आणि बाकावर आपण दोघी राहिलो. माझ्या पिशवीत गुळाची ढेप होती, हंगामातला पहिला गूळ, डॉक्टरीणबाईंना द्यायला नेलेला. आपल्यात मोकळ्या हातानं कुणाकडं जात नाहीत.

नर्सनं जाताना मला बजावलं होतं, "मावशी, हिला थरथरायला लागलं की पहिली मला हाक मारा. तेव्हाचंच रक्त पाहिजे." चौथा तास भरत आला आणि तू पांढरीफटक पडलीस. पाठ घामानं भिजली. मला म्हणालीस, "आत्ती, घंटा झाली का?" दवाखान्यात कुठली घंटा! मी हाक मारली नाही. ढेपेचा कोपरा मोडला आणि तुझ्या तोंडात घातला, वर पाणी पाजलं. विचार असा केलाच नाही, हात आपोआप गेला. तू शांत झालीस. मग नर्स आली, रक्त घेऊन गेली. तुला त्यातलं काही आठवत नव्हतं.

तिथवर माझी चूक अडाणीपणाची होती. पुढची नाही.

ढेप दिली तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "कोपरा कुणी पळवला?" मी म्हटलं, "गाडीत दचके बसले." रिपोर्ट सगळा चांगला आला. त्यांनी मनावरचा ताण असेल म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं. गाडीत विश्वजित म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? सगळा मनाचा खेळ हाय." तू मागं वळून मला विचारलंस, "आत्ती, तुम्ही तर शेजारी होता. मला थरथरत होतं की न्हाई?"

आणि मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं."

पोरी, तू थरथरत होतीस. मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्यामुळं तपासणी वाया गेली हे विश्वजितसमोर सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी तुला खोटं पडू दिलं. तू माहेरी गेलीस तेव्हाही मूग गिळून बसले. गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, "माझंच डोकं बिघडलंय बहुतेक," तेव्हापासून घास उतरत नाही.

मंगळवारी गुडघ्याचं निमित्त करून एकटी कोल्हापूरला गेले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील म्हणून मी तयार होते. त्यांनी नुसतं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आजी, जे पकडायचं होतं तेच तुम्ही पुसून टाकलंत." शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग ते जास्त सुटतं आणि साखर एकदम खाली येते, असं तुझं असू शकेल म्हणाल्या. नक्की काय ते तपासल्यावर कळेल. या वेळी इन्सुलिनही बघणार आहेत. नुसत्या गूळपाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मागोमाग पोटात भाकरी-डाळ गेली पाहिजे. रिपोर्ट येईपर्यंत स्कूटी चालवू नकोस, असा त्यांचा निरोप आहे. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्या की नाही, ते डॉक्टरीणबाईंनाच विचार.

येत्या गुरुवारी सकाळी नंबर लावलाय. शेजारी विहीणबाईंना बसव. मी येणार नाही.

काल जेवताना विश्वजितला आणि मामांना सांगितलं. मामा ताटावरून उठले. विश्वजितनं हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "मी तिला काय काय बोललोय, आई." हे पत्र तोच घेऊन येतोय. त्याला बजावलंय, बायकोला आणायला चाललास असं समजू नकोस, तिनं दार उघडलं तर तिची माफी माग आणि मागं फिर. घरात घ्यायचं की नाही, इकडं यायचं की नाही, ते तू ठरव. रिपोर्टात काही निघालं नाही तरी या घरात तुला पुन्हा कुणी खोटी म्हणणार नाही.

माझी माफी मी पत्रातून मागत नाही. तू समोर बोलावशील त्या दिवशी मागेन.

तुझ्या शेजारी बसूनही तुझी साक्ष न दिलेली,
आत्ती