ठिपक्यांभोवतीची रेघ

२४ नोव्हेंबर
वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर शेवटी एक विद्या सापडली! ज्येष्ठांच्या क्लबात व्याख्यान होतं — माणूस बेसावधपणे कागदावर जे गिरगटतो, त्यावरून त्याचा स्वभाव. बाण काढणारा महत्त्वाकांक्षी, चौकटी काढणारा हिशेबी. पुस्तक तिथेच विकत घेतलं. घरी येऊन फोनजवळचं पॅड तपासलं. जिकडेतिकडे माझीच सही. पुस्तक म्हणतं, असा माणूस स्वतःच्याच प्रेमात असतो. लेखकाचा अभ्यास इथे जरा कमी पडलाय.

२७ नोव्हेंबर
पुढचा प्रयोग बायकोवर. शिवकामीने पेपरच्या कडेला वांगी काढून ठेवलीत. पुस्तकात वांगी नाहीत. मनात काय चाललंय म्हणून हळूच विचारलं. म्हणाली, "उद्या वांगी आणा."

१ डिसेंबर
आमच्या मुलीला, कयलला, बघायला तंजावरची मंडळी आली. मुलगा इनियन, पॉलिटेक्निकात शिकवतो. सोबत त्याची आई, काठी टेकत. केसरी शिरा झाला, भजी झाली, कॉफी झाली. मग रीतीप्रमाणे दोघांना बोलायला मागच्या ओसरीवर पाठवलं. तिथे मी आधीच कागद आणि पेन ठेवलं होतं! सापळा. कुणाला सांगितलं नाही.
मंडळी गेल्यावर धावत जाऊन कागद उचलला. बरेच ठिपके, आणि त्यांच्याभोवती गुंडाळत गेलेली एकच रेघ. एकही ठिपका मोकळा नाही! पुस्तक उघडलं. सुटी टिंबं म्हणजे माणसं. त्यांना वेढणारा — संशयी, मालकी गाजवणारा, बायकोला कोंडून ठेवणारा.
एकुलती एक मुलगी आहे माझी.

४ डिसेंबर
नकार कळवला. "जातक जुळत नाही." नकाराला आपल्याकडे एवढं एकच सभ्य खोटं आहे. जोतिष्याला मी पत्रिका दाखवलीसुद्धा नव्हती. कयल ताकभात अर्धा टाकून उठली. मला वाईट वाटलं, पण स्वतःचा अभिमानही वाटला. संकट ओळखणारा बाप किती जणींना मिळतो!

९ डिसेंबर
आज तो कागद शिवकामीच्या हाती लागला. मी तिला सगळं समजावून सांगितलं. पुस्तकातलं पानही दाखवलं. तिने पुस्तक मिटलं.
"अहो, हे कोलम आहे."
मी पुस्तक पुन्हा उघडायला गेलो.
"तुमची मुलगी रोज पहाटे दारात तांदळाचं पीठ घेऊन हीच रांगोळी घालते. रोज तुम्ही हेच ओलांडून दूध आणायला जाता. ठिपका मोकळा राहिला तर कोलम चुकलं म्हणतात."
पुस्तक लिहिणारा परदेशी. त्याचं काय चुकलं? माझा जन्म कुंभकोणमचा, वय बासष्ट — आणि कोलममध्ये मला तुरुंग दिसला! शिवकामी एवढंच म्हणाली, "पण पुरुषाला इतकं सफाईने कसं येतं?" ते मात्र तिलाही कळेना.

१२ डिसेंबर
राहवलं नाही. पहिल्या बसने तंजावर. त्यांच्या गल्लीत शिरलो तर लुंगी वर खोचून इनियन दारात उकिडवा बसलेला. चिमटीत पीठ. मला बघून ओशाळला. आई पडल्यापासून तिला वाकता येत नाही. दार उघडं-बोडकं राहिलं की ती रडते. म्हणून गल्ली उठायच्या आत हा घालतो. लोकांना वाटतं, आईच घालते.
मी खिशातून कागद काढला. तो हसला.
"मामा, ठिपके कयलने दिले होते. म्हणाली, बघू तुम्हाला जमतं का."
एकाच माणसाचा स्वभाव वाचत बसलो होतो मी. कागदावर दोघं होती! त्यातली एक माझ्याच घरची.
आत जाऊन त्याच्या आईला म्हणालो, जोतिषी चुकला. त्या हात जोडून म्हणाल्या, "नका भरीला घालू. जातक जुळत नसताना मुलगी आणली आणि माझ्या पोराला काही झालं तर?" मी पेरलेलं खोटं चांगलंच रुजलं होतं. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि कॉफी मागितली. भित्रा! यासाठी पुस्तकाची गरज नाही.

१३ डिसेंबर
कयलला सगळं सांगितलं. पुस्तकासकट. ती रडेल वाटलं होतं. तिने पुस्तक मागून घेतलं. तीन दिवसांनी मार्गळी, म्हणजे धनुर्मास लागेल, मग महिनाभर लग्नाचं कुणी बोलणार नाही. तोवर तिकडे दुसरी मुलगी बघतील. जेवण गेलं नाही.

१६ डिसेंबर
मार्गळीचा पहिला दिवस. सकाळी फोन. कयल तंजावरला!
"अप्पा, मी काही बोलणी केली नाहीत. फक्त दारात कोलम घातलं. इनियनच्या आई — मी आत्ती म्हणते त्यांना — खुर्ची टाकून बघत बसल्या. मग त्यांना तुमचं पुस्तक वाचून दाखवलं. जातकाचं खोटंही सांगितलं. हसून हसून त्यांची कंबर धरली. म्हणाल्या, मार्गळी संपून तै महिना लागला की तुझ्या अप्पांना पाठव, पुस्तक न घेता."
फोन ठेवून बाहेर आलो. अख्ख्या गल्लीत आमचंच दार रिकामं. हे आता असंच राहणार, हे तेव्हा कळलं.
पीठ कुठे ठेवतात, ते शिवकामीला विचारलं.