डावा हात

८ नोव्हेंबर
आले एकदाची जीडिपालेमला! बसमधून उतरले तर समुद्राचा वारा आणि काजू भाजल्याचा धूर, दोन्ही एकदम नाकात. डायलिसिस सेंटरची इन्चार्ज म्हणून ही पहिलीच नेमणूक, त्यामुळे छाती जरा फुगलेलीच आहे. आमचे हे विजयनगरमला राहिले. निघताना म्हणाले, आता हुकूम सोडायला तिकडे नर्सा आहेत, माझी सुटका झाली. वर्षभर इथं काढायचं आणि बदली मागून घरी जायचं, असं आमचं ठरलंय.

मुली चांगल्या आहेत. नीलवेणी सगळ्यांत जुनी. तोंडाची तिखट, पण सुई अशी टोचते की पेशंटची झोप मोडत नाही. परदेशी नावाचा एक पेशंट आहे, नारळाच्या झाडांवर चढणारा गडी. त्यानं आम्हा सगळ्यांसाठी शहाळी आणली होती. त्याला स्वतःला चालत नाही, किडनी गेलेल्याला शहाळं म्हणजे विषच. मी पीत होते तेव्हा तो माझ्या गळ्याकडे बघत होता. मला कसंसंच झालं, पण शहाळं मात्र गोड होतं.

१४ नोव्हेंबर
आज पहिल्यांदा आवाज चढवला. एक पोरगी पेशंटच्या नेमक्या सुईच्या हातालाच बीपीचा पट्टा बांधत होती. नसा जोडून तयार केलेला तो हात म्हणजे त्या माणसाचा प्राण. त्याला पट्टा नाही, बांगडी नाही, ओझं नाही. त्यावर बोट ठेवलं की कातडीखाली डबीत भुंगा कोंडल्यासारखी भुणभुण लागते. ती थांबली की सगळंच थांबलं. हे सगळं मी त्या पोरीला चांगलं सुनावलं.

नीलवेणी हसून म्हणाली, ह्या तर अगदी मंगतायारूअक्कांवर गेल्या आहेत. त्या माझ्याआधीच्या इन्चार्ज. कुठं असतात, विचारलं तर तिनं खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. मी त्या बाईंना आठवडाभर नुसती पेशंट समजत होते. आहेतच म्हणा.

२३ नोव्हेंबर
इतकी माया मला सासरी-माहेरीही कुणी लावली नाही. सेंटरच्या दारात पाऊल टाकलं की कुणीतरी खांद्यावरची पिशवी काढून घेतं. घड्याळ डाव्या हातात काचतं म्हणून नीलवेणीनं ते उजव्या हातात बांधलं. काचत नव्हतं, पण तिचं मन कशाला मोडा. कार्तिकातल्या सोमवारी मुलींनी मला बांगड्या भरल्या, त्याही उजव्याच हातात. मी म्हटलं, डावा काय सावत्र आहे? कुणीच हसलं नाही.

२ डिसेंबर
परदेशीनं पुन्हा शहाळी आणली. सगळ्यांना दिली, मला वगळलं. मी हात पुढे केला तर लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "तुम्हाला नको, अम्मा."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पिशवी, घड्याळ, बांगड्या. ही माया नाही. माझा डावा हात राखून ठेवताहेत.

पळत जाऊन रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. काही दोष नाही, किडन्या उत्तम. तो घेऊन मंगतायारूअक्कांकडे गेले. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही.

"माझाही चांगलाच आला होता गं," म्हणाल्या. "शहाळं बंद झालं तेव्हा मीही असंच तपासून घेतलं होतं."

५ डिसेंबर
आंघोळ करताना डाव्या मनगटाला हात लागला. भुणभुण आहे. कापलेलं नाही, टाका नाही, व्रण नाही — आणि आत भुणभुण. मी मुलींना जी ओळखायला शिकवते, तीच.

मला घरी जायचंय.

७ डिसेंबर, विजयनगरम
काल पळून आले. ह्यांनी मासळीचं पुलुसू, चिंचेचं आंबट कालवण, केलं होतं, घास उतरला नाही. आडवी झाले की छातीत पाणी भरल्यासारखं होतं. रात्र बसून काढली. पाय सुजलेत. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले काही नाही, मनाचं आहे.

मनाचं —

तीच तारीख, बसमध्ये
ह्यांना न सांगता निघाले. निघाले म्हणजे — पायच निघाले. जीडिपालेमच्या बसमध्ये बसले आणि श्वास मोकळा झाला. इतका बरा श्वास दोन दिवसांत आला नव्हता. मला रडू येतंय.

ह्यांचा फोन. मोटारसायकल काढलीय, उद्या उचलून नेईन म्हणतात. न्या. कसंही करून न्या.

८ डिसेंबर
मंगतायारूअक्का पहाटे गेल्या. कुणी रडलं नाही. नीलवेणीनं त्यांच्या खुर्चीवर धुतलेली चादर घातली. सगळे बघताहेत — माझ्याकडे नाही, हाताकडे.

दुपार. मी खुर्चीत आहे. कधी बसले ते —

बाहेर हॉर्न. हे आले. दार उघडं आहे. मला कुणी धरलेलं नाही. उठायचं. नुसतं उठायचं —

नीलवेणीनं सुई टोचण्याआधीचा रबरी पट्टा डाव्या दंडाला बांधला. मूठ आवळा म्हणाली नाही. कुणीच म्हणालं नाही. आणि मूठ —

माझी मीच आवळली.

अहो, हॉर्न वाजवू नका, शीर हलते, मी