बगळा आणि भोई

प्रिय शौनक,

फोनवर मला सलग बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. याचा फोटो काढून पाठवते. विमानातून उतरलास की आधी हे वाच, मग फोन कर. मी ठीक आहे. शेजारच्या रुचिताने मला ठाण्याच्या हॉस्पिटलमधून डोंबिवलीला घरी आणलं, चहा करून दिला. तो मी प्यायले असणार, कारण कप रिकामा आहे. रडू मात्र येत नाही. आत काही हलतच नाही.

समोर आपल्या शिकवणीचं बाक आहे. त्या दोन कविता आठवतात तुला? दरवर्षी तुझे अण्णा आणि मी शिकवणीच्या मुलांना त्यांची तुलना लिहायला लावायचो. एकीत थवा सोडून आपल्याच दिशेने निघालेला बगळा, दुसरीत पालखीचा भोई. रस्ता दुसऱ्याने ठरवलेला, ओझं दुसऱ्याचं. खांदा कधी बदलायचा एवढंच त्याच्या हातात. अण्णा बगळ्याचे. माणसाने आपलं आपण ठरवावं, नाहीतर मेंढरं काय वाईट, असं म्हणत लाल पेनाने मार्क द्यायचे. भोयाची बाजू घेणाऱ्यांना मी हिरव्या पेनाने अर्धा मार्क वाढवून द्यायचे. जन्मभर भांडलो त्यावर, पण दोघांपैकी कोणी तसूभर हललं नाही. तूही बगळ्याचाच. पेपर माझ्यापासून लपवायचास, मला कळायचं.

गेल्या दिवाळीत फराळ करताना अण्णांनी मला सांगितलं, वेळ आली तर नळ्या नकोत, श्वासाचं यंत्र नको. मी म्हटलं, सणासुदीला शुभ बोला. त्यांनी चकली मोडली आणि पुन्हा तेच सांगितलं. तुला सांगा म्हटलं, तर उद्या सांगतो, परवा सांगतो करत राहिले. बगळ्याचे एवढे मोठे वकील, पण मुलापुढे जीभ रेटली नाही.

काल हॉस्पिटलमध्ये अण्णांची शुद्ध गेल्यावर तू फोनवर म्हणालास, यंत्र लावायला सांग, मी निघतोय. मी बरं म्हटलं. तू निघालास. मग डॉक्टरांनी विचारलं, आणि मी नको म्हणाले.

आज दुपारी अण्णा गेले. त्रास झाला नाही, हात माझ्या हातात होता. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. ठरवलं होतं त्यांनी, पण ते बोलून दाखवायला त्यांना शुद्ध नव्हती. म्हणावं मला लागलं. बगळ्याने ठरवलेलंसुद्धा शेवटी भोयालाच वाहून न्यावं लागतं, हे आपल्या एकाही मुलाने पेपरात लिहिलं नाही, आणि आम्हा दोघांनाही सुचलं नाही. तुला माझा राग येईल. येऊ दे. पण आधी घरी ये. त्यांना हॉस्पिटलमध्येच ठेवलंय. नातेवाईक घाई करतायत, पण तू आल्याशिवाय अण्णांना न्यायचं नाही. हे मात्र माझं मी ठरवलंय.

तुझीच,
हिरव्या पेनाची आई