विलीन न झालेली संघटना

मी, खाली सही करणारा, धंद्याने घड्याळजी, वयाची ऐंशी ओलांडलेला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवतो. हात थरथरतात, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे काम मी इतकी वर्षे लांबवले, कारण काही गोष्टी माझ्या हयातीतच निकाली लागतील अशी आशा होती. ती आता नाही.

१. राहते घर सर्वस्वी मुलीला द्यावे. तिने आईचे शेवटचे आजारपण एकटीने काढले. मी आणि मुलगा दाराशी उभे राहून ‘काही हवं का’ एवढेच विचारत होतो.

२. खालचे दुकान, लेथ, चिमटे आणि भिंगे मुलाला द्यावीत. त्याला घड्याळाचे झाकणही उघडता येत नाही, तेव्हा तो विकणार हे धरून चालतो. विकावे, पण हत्यारे भंगारात घालू नयेत.

३. दुरुस्तीला आलेली घड्याळे ज्याची त्याला परत करावीत. समोरच्या शिंपीणबाईंचे घड्याळ चालू होण्यासारखे नाही. मी त्यांना ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणत आलो, कारण त्या चौकशीला आल्या की दुकानात तेवढाच माणसाचा आवाज होई. त्यांची माफी मागावी.

४. आता संघटनेविषयी. साहेबांच्या राजवटीत या भागातल्या फुटबॉलचा कारभार प्रांतिक संघटनेच्या हाती होता. कार्यकारिणीत एक वगळता सगळे गोरे. आमचे क्लब मैदान आखत, दोर बांधत, साहेबांच्या खुर्च्या मांडत. मत मात्र आम्हाला नव्हते. आमच्यातला एकच माणूस त्यांनी आत घेतला होता, माझा आतेभाऊ. तो वकील. त्याच्याच शिफारशीने मी लाइन्समन झालो, हे उपकार मी नाकारत नाही.

माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा पाठचा भाऊ, आमच्या क्लबचा गोलकीपर. लोक त्याला ‘कुलूप’ म्हणत. गोऱ्या पलटणीच्या संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो चेंडू पोटाशी घेऊन जमिनीवर पडला होता. पलटणीच्या एकाने बुटाची लाथ त्याच्या पोटात घातली. चेंडू सुटला, गोल झाला. मी झेंडा वर केला. पंच असलेल्या सार्जंटने तो पाहिला आणि मान फिरवली. मेहुणा उठला आणि सामना संपेपर्यंत उभा राहिला. त्याच आठवड्यात तो हॉस्पिटलात वारला. आतडे फाटले होते.

संघटनेने चौकशी बसवली. तिच्या आदल्या दिवशी आतेभाऊ दुकानात आला.

“त्याला पोटाचं दुखणं आधीपासून होतं ना रे?”

“नव्हतं, दादा.”

“जरा आठवून बघ. तू लाइनवर राहशील, क्लब राहील, सगळं सुरळीत होईल.”

“मी झेंडा वर केला होता. मैदानभर लोकांनी पाहिला.”

“लोकांना मत नाही,” तो म्हणाला, आणि छत्री उचलून निघून गेला.

चौकशीत मी पाहिले तेच सांगितले. निकाल लागला: मृत्यू जुन्या दुखण्याने. खाली आतेभावाची सही. मला मैदानावर कायमची बंदी. पत्नीने निकाल ऐकला आणि भावाची जर्सी धुवायला घेतली. बुटाचा डाग कधीच गेला होता, तरी ती धूतच राहिली.

त्यावर आमचे सगळे क्लब बाहेर पडले. याच दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांवर बसून, आम्ही आमची वेगळी संघटना काढली. वीटभट्टीमागच्या पडीक जागेवर सामने भरवले. राखेने पोरांचे गुडघे काळे होत, पण प्रत्येक क्लबाला एक मत होते. मग आतेभाऊ दारोदार फिरला. कोणाला चांगले मैदान, कोणाला कार्यकारिणीत जागा. एकेक क्लब गेला. त्यांना मी फितूर म्हणत नाही. खेळाडूचे वय थांबत नाही. पुढे साहेब गेले आणि त्यांच्याच खुर्चीत आतेभाऊ बसला. मी राजीनामा दिला नाही, आमच्या संघटनेचे विसर्जनही कोणी केले नाही. आज तिचा अध्यक्ष, चिटणीस आणि एकुलता एक सभासद मीच आहे.

५. मुलगा त्याच प्रांतिक संघटनेच्या कार्यालयात कारकून आहे. पोटासाठी धरलेल्या नोकरीला मी नावे ठेवत नाही. आता ते आपला इतिहास छापत आहेत. दोन्ही संघटना राजीखुशीने विलीन झाल्या, अशा कागदावर त्यांना माझी सही हवी आहे. कागद घेऊन मुलालाच पाठवले.

“बाबा, एक सही तर आहे. मामा थोडाच परत येणार आहे?”

“नाही येणार. म्हणूनच नाही.”

तेव्हापासून आम्ही एकाच टेबलावर जेवतो आणि बोलत नाही.

६. आतेभाऊ माझ्या अंत्ययात्रेला येईल. त्याला खुर्ची द्यावी. त्याचेही गुडघे गेले आहेत. भाषण करू देऊ नये.

७. माझ्या मृत्यूबरोबर आमची संघटना संपेल. ती कशातही विलीन झालेली नाही. ‘संपली’ असे ज्याला छापायचे त्याने छापावे. तिची पाटी सागवानी आहे. मुलीने स्वयंपाकघरात फळी करून लावावी.

पुरवणी, त्याच दिवशी: वरील मजकूर सर्वांसमक्ष वाचून दाखवला. ठरलेला दुसरा साक्षीदार, बुकबाइंडर, आला नाही. प्रांतिक संघटनेच्या इतिहासाची बांधणी त्याच्याकडे आहे. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता.

“मी करतो सही,” तो म्हणाला.

लिहून घेणारे वकील म्हणाले, “साक्षीदाराला यात वाटा नसलेला बरा.”

“मग दुकान ताईच्या नावे करा.”

मी विचारले, “आणि नोकरी?”

“ते उद्या बघू. पेन द्या.”

सबब कलम २ मधील दुकान व हत्यारे मुलीला द्यावीत. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: चालू महिन्याचा शेवटचा सोमवार

सही: घड्याळजी

साक्षीदार १: शेजारचा बेकरीवाला
साक्षीदार २: मुलगा, प्रांतिक संघटनेच्या कार्यालयात कारकून, आजपर्यंत