साहेबांचा पांढरा कोट

आरमोरी, मंगळवार, मार्च १९५७

आज माहितीपटाच्या चित्रणात एक्स्पोजर चुकलं, फिल्मवर उजेड कमी पडला. चुकलं कसलं, मी चुकवलं.

मोहाची फुलं वेचून आलेली म्हातारी जुरीबाई मांडवाच्या सावलीत बसली होती. शेजारी, भर उन्हात, पांढरा कोट घातलेले मोठे साहेब. दोघं एकाच चित्रात हवेत असा दिग्दर्शकाचा हुकूम, म्हणून रुंद लेन्स लावली. उजेड मोजायचा मीटर तिच्या गालाशी धरला, काटा जेमतेम हलला.

"कोटाचं बघ," दिग्दर्शक म्हणाला. "जास्त उजेडानं चित्रात कोट जळला तर साहेब खवळतील."

मी कोटासाठी लेन्सचं छिद्र बारीक केलं. तेवढ्यात तिनं विचारलं, "भाऊ, माह्यं तोंड दिसन ना त्याच्यात?"

"दिसन ना बाई, काऊन नाई दिसन?"

मी इथलाच. खोटं बोलायला घरची बोली बरी आठवली!

निगेटिव्हवर तिच्या चेहऱ्याची जागा काचेसारखी कोरी राहणार. पडद्यावर तिथं नुसता काळा डाग, आणि कोटाची मात्र गुंडीन् गुंडी दिसणार. लांब लेन्स पेटीतच होती. तिला एकटीला घ्यायचं म्हणजे दोन मिनिटांचं काम. पेटीला हात का लावला नाही? निदान छिद्र मोठं ठेवलं असतं तर काय जळलं असतं? एक कोट!

दुसरंच काहीतरी डोक्यातून जात नाही. कॅमेरा लावत होतो तेव्हा ती रांजणाशी गेली होती. तोंड स्वच्छ धुतलं, पदरानं दोनदा पुसलं, आणि मग येऊन बसली.